साक्षीदाराला न्यायालयीन अवमानाची शिक्षा : बेस्ट बेकरी खटल्याची पार्श्वभूमी

साक्ष देण्यास नाखूश असलेल्या माणसाला तुरुंगात पाठवण्याचा अधिकार आपल्याकडील फौजदारी न्यायालयांना इंग्रजी अमलापासून आहे, पण तो मुळात फारच आखूड होता. साक्षीदार प्रश्नाचे उत्तर देत नसेल आणि त्यासाठी पटण्याजोगे कारणही सांगत नसेल, तर त्याला जास्तीत जास्त सात दिवसांची साधी कैद किंवा न्यायालयाच्या अधिकाऱ्याचा ताबा, आणि मधल्या काळात तो बोलायला तयार झाला तर सुटका, अशी 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतूद होती. 1973 च्या संहितेत ती कलम 349 म्हणून राहिली. साक्षीदाराला बोलते करणे एवढाच तिचा हेतू होता. खोटे बोलणाऱ्यासाठी खोट्या साक्षीचे स्वतंत्र कलम होते आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद होती; मात्र त्यासाठी रीतसर तक्रार आणि वेगळा खटला लागत असल्याने ते क्वचितच वापरले जाई. या दोन्ही वाटा उपलब्ध असताना साक्षीदाराला न्यायालयाच्या अवमानासाठी शिक्षा करण्याची वेळ ज्या खटल्याने आणली, तो बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचा.

गुजरातमधील दंगलींच्या काळात, 1 मार्च 2002 रोजी बडोद्यातील या बेकरीत 14 जणांचा बळी गेला. मालकाच्या कुटुंबातील विशीतली तरुणी ही प्रमुख साक्षीदार होती. मे 2003 मध्ये ती जलदगती न्यायालयात फितूर झाली आणि 27 जून 2003 रोजी सर्व 21 आरोपी सुटले. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईत येऊन, जिवाच्या भीतीने आपण खोटे बोललो, असे तिने जाहीरपणे सांगितले. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर 2003 मध्ये निर्दोषत्व कायम केले, पण 12 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करून फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. माझगावच्या न्यायालयात हा खटला सुरू होऊन काही आठवडेच झाले होते, तोच नोव्हेंबर 2004 मध्ये साक्षीदाराने पुन्हा बाजू बदलली. ज्या कार्यकर्तीने तिला आधार दिला होता, तिनेच आपल्याला डांबून ठेवून खोटी प्रतिज्ञापत्रे करायला लावली, असा आता तिचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2005 मध्ये याची चौकशी आपल्याच निबंधक कार्यालयाकडे सोपवली. त्या अहवालात कार्यकर्तीवरील आरोप टिकला नाही. उलट जबाब बदलण्यामागे पैशांची देवघेव झाल्याचा निष्कर्ष निघाला.

8 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून या साक्षीदाराला अवमानाबद्दल एक वर्षाची साधी कैद आणि 50,000 रुपये भरण्याचा आदेश झाला. रक्कम न भरल्यास आणखी एक वर्ष. वादाचा खरा मुद्दा येथेच आहे. न्यायालय अवमान कायदा, 1971 मधील कलम 12 नुसार कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा 2,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, एवढीच आहे. ही सहा महिन्यांची मर्यादा 1926 च्या पहिल्या अवमान कायद्यातही होती. असे असताना एक वर्ष कोठून आले? न्यायालयाचे उत्तर असे की राज्यघटनेच्या अनुच्छेद 129 ने दिलेला अवमानासाठी शिक्षा करण्याचा अधिकार संसदेच्या कायद्यातून आलेला नाही, त्यामुळे कायद्यातील मर्यादा मार्गदर्शक ठरेल, बंधनकारक नाही. युक्तिवाद म्हणून हे सुसंगत आहे. तथापि 1998 मध्ये, एका वकिलाची सनद अवमानाच्या अधिकारात निलंबित करण्याच्या प्रश्नावर, याच न्यायालयाच्या घटनापीठाने पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद 142 चा आधार घेऊन मूळ कायद्याला बगल देता येत नाही असे बजावले होते. दोन्ही निकालांचा सांधा जुळवणे अवघड आहे, आणि ज्या प्रकरणात तो जुळवायचा होता, तेथे समोर सनदधारी वकील नव्हता, तर स्वतःच्या घरातील माणसे गमावलेली साक्षीदार होती, हेही विसरता येत नाही. पैसे दिल्याचा संशय असलेल्यांच्या संपत्तीचीही प्राप्तिकर चौकशी करण्यास न्यायालयाने सांगितले. अवमानाची कैद मात्र तिच्याच वाट्याला आली.

ही शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी बाराच दिवस आधी, 24 फेब्रुवारी 2006 रोजी, मुंबईच्या न्यायालयाने नऊ आरोपींना जन्मठेप दिली होती आणि ती तिच्या साक्षीविना, बेकरीतील जखमी कामगारांच्या साक्षीवर. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2012 मध्ये त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली आणि पाच जणांना सोडले.

साक्षीदार फितूर का होतो, या प्रश्नाकडे कायदा त्यानंतर सावकाश वळला. विधी आयोगाने ऑगस्ट 2006 मध्ये साक्षीदार संरक्षणावर 198 वा अहवाल दिला, महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतःचा कायदा केला, आणि डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी संरक्षण योजना मान्य करून, संसद कायदा करेपर्यंत तीच कायदा म्हणून लागू राहील असे ठरवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने अशी योजना करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. सात दिवसांच्या कैदेची जुनी तरतूदही त्याच संहितेत कलम 388 म्हणून आहे, आणि अवमान कायद्यातील सहा महिन्यांची मर्यादा अद्याप बदललेली नाही.