त्वचेतील स्निग्धांश

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील, पाणी धरून ठेवणारे आणि जंतू व क्षार आत येऊ न देणारे नैसर्गिक मेद. ते ओलावा पुरवत नाहीत. आतून येणारे पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतात. तेल चोपडूनही अंग कोरडेच राहिल्याची तक्रार बहुधा हा फरक न कळल्याने होते.

हा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगस्तर, अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम 0.01 ते 0.02 मिमी जाड असतो. चपट्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या, आणि मधला ‘माल’ म्हणजे हे मेद : वजनाने साधारण निम्मे सेरामाइड (मेणासारखे मेद), पाव कोलेस्टेरॉल, उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्ले. तैलग्रंथींतून पाझरणारे तेल वेगळे. ते चेहरा, डोके, पाठ येथे भरपूर असते. तळहात-तळपायांना तैलग्रंथी नसतातच.

म्हणून टाच आधी उलते. पर्जन्यछायेतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत थंडीची हवा कोरडी असते. टाचेच्या जाड कातडीतील ओलावा 10 टक्क्यांच्या खाली गेला की ती लवचीक राहत नाही. उभे राहिल्यावर टाच पसरते आणि कडेने भेग पडते. चपलेत टाच उघडी असल्याने भर पडते.

पाय 10–15 मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वजरीने फक्त मऊ झालेली मृत कातडी काढावी. रक्त दिसेपर्यंत घासल्यास भेग खोल जाते. पाय टिपावेत, पुसून कोरडे करू नयेत. 2–3 मिनिटांच्या आत, कातडी दमट असतानाच कोकमतेल (मुठेल) लावावे. घाटाखालून येणारा हा फिकट, कडक गोळा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून पळीत कोमट करून घ्यावा. वर सुती मोजे, रात्रभर. मधुमेह असल्यास वजरी नको. भेगेतून रक्त किंवा पू आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

तेले सारखी नसतात. पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे 75 टक्के लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल असते; त्वचा ते स्वतःच्या सेरामाइडमध्ये वापरते. खोबरेल तेलात ते नगण्य, पण झाकण म्हणून ते चांगले. ऑलिव्ह तेलातील ओलेइक आम्ल हा ‘माल’ सैल करते. महाग असले तरी तान्ह्या बाळाला ते लावू नये.

त्वचेचा सामू (आम्लता मोजणारा pH) 5 च्या जवळपास, अंघोळीच्या साध्या साबणाचा 9–10. कढत पाणी आणि साबण मिळून मेद धुऊन नेतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय अंगावर राहते, ती वेगळीच. निघालेला थर तरुण त्वचेत भरून यायला सुमारे 3 दिवस लागतात, उतारवयात अधिक. रोज सर्वांगाला साबण लावणाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही. काखा, जांघा आणि पाय एवढ्यांपुरता साबण पुरतो.

नवजात बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकटा हेही असेच आवरण : सुमारे 80 टक्के पाणी, उरलेले मेद व प्रथिने. तो पिठाच्या गोळ्याने घासून काढू नये. जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ 24 तासांनंतर घालायला सांगते.