बंदुकीला विमा सक्तीचा आहे का?

अधूनमधून फिरणारा एक मेसेज सांगतो: “गाडीसारखाच परवान्याच्या बंदुकीलाही थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो काढला की गोळी कुणाला लागली तरी कंपनी बघून घेते.”

पहिला भाग आधी. गाडीच्या विम्याची सक्ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ मधून येते. बंदुकीला तो कायदा लागूच नाही. तिथे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम चालतात. त्यात प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी असं सगळं आहे, पण वैयक्तिक परवानाधारकाला विम्याची अट नाही. अमेरिकेत सॅन होजे शहराने २०२२ साली असा नियम केला, तो तिथल्यापुरता.

दुसरा भाग मला जास्त धोक्याचा वाटतो. विमा भरपाईचा असतो, शिक्षेचा नाही. मुळशीतल्या एखाद्या वरातीत कुणी हौसेने हवेत बार काढला आणि त्यामुळे लोकांच्या जिवाला धोका झाला, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) खाली २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणाला गोळी लागलीच पाहिजे असंही नाही.

तपासायचं असेल तर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही कायदे मोफत वाचता येतात. परवान्याचा अर्ज नमुना ए-१ मध्ये आहे. पुणे शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.