विनिपेगच्या बाजारात शेतकऱ्याची खुर्ची: ई. ए. पार्ट्रिज आणि कॅनडाच्या गहू-व्यापाराची पार्श्वभूमी

कॅनडाच्या धान्य व्यापाराची माहिती घेताना 'व्हीट पूल' (शेतकऱ्यांच्या गहू विकणाऱ्या सहकारी संस्था), 'व्हीट बोर्ड' (गहू विकणारे सरकारी मंडळ), 'युनायटेड ग्रेन ग्रोअर्स' (शेतकऱ्यांची धान्य कंपनी) ही नावे सतत समोर येतात. त्यांचा माग काढत मागे गेले की सिंतालुता नावाचे लहानसे गाव लागते. आजच्या सास्काचेवान प्रांतातले हे गाव आणि तिथला एडवर्ड अलेक्झांडर पार्ट्रिज हा शेतकरी समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. पार्ट्रिजचा जन्म १८६१ चा, ऑन्टारिओतला. काही काळ शाळामास्तरकी करून १८८३ मध्ये तो पश्चिमेच्या मोकळ्या माळावर शेती करायला आला. पुढचे सगळे आयुष्य त्याने एकाच प्रश्नाला दिले: गहू पिकवणाऱ्याला गहू विकण्यात काही अधिकार असणार की नाही?

१८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि त्या माळरानावरचा गहू जगाच्या बाजाराशी जोडला गेला. पण स्टेशनात गहू साठवायची सोय कोण करणार? रेल्वेने ते काम एलेव्हेटर कंपन्यांवर सोपवले. एलेव्हेटर म्हणजे यंत्राने धान्य वर चढवून साठवणारे आणि तिथूनच वॅगनमध्ये सोडणारे उंच लाकडी कोठार. ठरावीक क्षमतेचे असे कोठार ज्या स्टेशनात उभे राहील, तिथे दुसऱ्या कुणाला वॅगन भरू द्यायची नाही, असे रेल्वेचे धोरण होते. त्यामुळे वजन करणारा, प्रत ठरवणारा, केरकचऱ्याची वजावट लावणारा आणि भाव सांगणारा, हे चौघे एकच झाले. आडतीत माल घालणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वऱ्हाडात कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, तो जवळपास याच काळात.

वॅगनवर एवढा जीव अडकण्याचे कारण होते. गाडीभर गहू कोठारावर विकला तर मिळणारा भाव कमी असे. पूर्ण वॅगन भरून स्वतः पाठवली तर जास्त पैसे मिळत. त्यात रेल्वेने आलेला गहू पुढे सुपीरियर सरोवरातून जहाजाने जाई, आणि हिवाळ्यात ते गोठले की जहाजे बंद होत. म्हणजे मळणी झाल्यापासून बर्फ पडेपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत माल निघाला तर निघाला. अशा वेळी वॅगन कुणाला आधी मिळते यावर वर्षाची कमाई ठरे.

तक्रारी वाढल्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १९०० मध्ये मॅनिटोबा ग्रेन ॲक्ट आला. शेतकऱ्याला धक्क्यावरून थेट वॅगन भरण्याचा हक्क कागदावर मिळाला. १९०१ मध्ये पीक भरघोस आले, वॅगन कमी पडल्या आणि ज्या आल्या त्या कोठारांकडे वळल्या. त्या डिसेंबरात इंडियन हेड गावी शेतकरी जमले आणि डब्ल्यू. आर. मदरवेल या शेतकऱ्याच्या पुढाकाराने टेरिटोरियल ग्रेन ग्रोअर्स असोसिएशन ही धान्य पिकवणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. मागणी येईल त्या क्रमाने वॅगन देण्याचा नियम कायद्यात घालून घेण्यात आला. तो मोडला म्हणून १९०२ मध्ये संघटनेने सिंतालुताच्या स्टेशन एजंटावर खटला भरला आणि जिंकला. दंड फक्त ५० डॉलरचा होता, पण सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. रेल्वेला कोर्टात हरवता येते हे त्या दिवसापासून माळावरच्या प्रत्येक शेतकऱ्याला कळले. माझ्या मते पुढच्या सगळ्या चळवळीचे बळ या खटल्यात आहे.

पार्ट्रिज मात्र एवढ्यावर थांबला नाही. जानेवारी १९०५ मध्ये गावच्या शेतकऱ्यांनी त्याला विनिपेगला पाठवले, धान्य बाजार आतून कसा चालतो ते पाहायला. परत आला तो एक गोष्ट मनाशी पक्की करून: कायदे हवेतच, पण बाजारात शेतकऱ्याची स्वतःची कंपनी बसली पाहिजे. १९०६ मध्ये ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी उभी राहिली. शेअर २५ डॉलरचा. बाजारातली जागा, म्हणजे तिथे सौदे करू देणारे सदस्यत्व, विकत घ्यायला २,५०० डॉलर लागत होते, ते उभे करण्यासाठी सिंतालुताच्या काही शेतकऱ्यांनी बँकेला स्वतःच्या नावाने हमी लिहून दिली.

व्यवहार सुरू होऊन थोडे आठवडे होतात न होतात तोच बाजाराने कंपनीला बाहेर काढले. बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलो गव्हामागे, एक सेंट कमिशन घेण्याचा नियम होता. नफा माल देणाऱ्यांत वाटायची कंपनीची कल्पना म्हणजे कमिशनात सूट देणे, असा ठपका आला. गहू दारात येतच होता आणि विकायला बाजार बंद. त्या अडचणीत स्कॉटिश को-ऑपरेटिव्ह होलसेल सोसायटी या ग्राहकांच्या सहकारी संस्थेने माल घेतला. शेवटी मॅनिटोबा सरकारच्या दबावामुळे एप्रिल १९०७ मध्ये जागा परत मिळाली, पण नफावाटपाची कल्पना सोडून द्यावी लागली. सहकाराचा गाभाच त्यात गेला, आणि पार्ट्रिजला ते किती लागले असेल याची कल्पना करता येते. त्याने अध्यक्षपद सोडले, टी. ए. क्रेरार आले आणि कंपनी व्यापारी शिस्तीने वाढवली.

१९०८ मध्ये निघालेल्या 'ग्रेन ग्रोअर्स गाइड' या नियतकालिकाचा पहिला संपादकही पार्ट्रिजच, पण तेही पद त्याने लगेच सोडले. गावोगावची कोठारे प्रांत सरकारांनी आणि बंदरावरची केंद्र सरकारने ताब्यात घ्यावीत, ही योजना त्याचीच. मॅनिटोबाने १९१० मध्ये ती करून पाहिली, तोटा झाला आणि दोन वर्षांत कोठारे शेतकऱ्यांच्याच कंपनीला भाड्याने दिली. सास्काचेवानने १९११ मध्ये सहकारी कोठारांचा मार्ग धरला, तो टिकला. पार्ट्रिजचे निदान बरोबर होते, उपाय चुकला, असे मला वाटते: कोठारे राजकारण्यांच्या हाती जाऊन भागत नव्हते, ती माल घालणाऱ्यांच्या हाती यायला हवी होती.

याच वर्षांत कापणी यंत्राच्या अपघातात त्याचा पाय गेला. पहिल्या महायुद्धात दोन मुलगे मारले गेले. १९३१ मध्ये व्हिक्टोरिया शहरात त्याने स्वतःच आयुष्य संपवले. इतके देऊनही त्याच्या वाट्याला इतके एकटेपण यावे, हे वाचून मन फार खिन्न होते.

त्याच माळावर पिकाचाही इतिहास घडत होता आणि त्याला भारताचा धागा आहे. चार्ल्स साँडर्स यांनी निवडून काढलेला 'मार्क्विस' हा लवकर पिकणारा गहू इंडियन हेडच्या प्रयोगक्षेत्रावर तपासला गेला. त्याचे एक मूळ वाण 'रेड फाइफ' आणि दुसरे भारतातून गेलेले 'हार्ड रेड कलकत्ता'.

१९१७ मध्ये क्रेरारांची कंपनी आणि अल्बर्टाची सहकारी कोठारे एकत्र येऊन युनायटेड ग्रेन ग्रोअर्स झाली. १९२३-२४ मध्ये अल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा या तिन्ही प्रांतांत व्हीट पूल निघाले. १९२९ च्या मंदीत त्यांची गहू विकण्याची व्यवस्था कोलमडली, पण कोठारे चालवणाऱ्या संस्था म्हणून ते टिकले. १९३५ मध्ये कॅनेडियन व्हीट बोर्ड आले. १९४३ पासून पश्चिमेचा गहू त्याच्यामार्फतच विकावा लागे. ही सक्ती २०१२ मध्ये उठली. दरम्यान २००७ मध्ये सास्काचेवान पूलने युनायटेड ग्रेन ग्रोअर्सची वारस कंपनी विकत घेतली आणि 'व्हिटेरा' हे नाव धारण केले. २०१२ मध्ये ती ग्लेनकोर या स्विस व्यापारी कंपनीकडे गेली आणि २०२५ मध्ये बुंगे या जागतिक धान्य कंपनीत विलीन झाली.