डोमेन घेताना नाव कोणाचं टाकलंत? डॉट इन नोंदणीची माहिती

माझ्या मामेभावाचा गुहागरकडे होमस्टे आहे. ऐन मे महिन्यात त्याचा फोन आला, "अरे, साईट उघडली की भलत्याच जाहिराती दिसतायत." ओटीवरच्या झोपाळ्याचा फोटो जिथे असायचा तिथे कर्जाच्या आणि विम्याच्या जाहिराती. डोमेनची, म्हणजे साईटच्या नावाची, मुदत संपली होती. त्याच्या सूचनांचे मेल साईट बनवणाऱ्या मुलाला गेले होते, कारण नोंदणीत नाव, मेल, मोबाईल सगळं त्या मुलाचंच होतं. तो मुलगा नंबर बदलून केव्हाच पुण्याला गेला होता. भावाने पैसे वेळच्या वेळी दिले होते, पण कागदावर तो कुठेच नव्हता.

म्हणून डोमेन घ्यायची प्रक्रिया सांगताना मी नेहमी या नावापासूनच सुरुवात करतो.

इंटरनेटवरचा प्रत्येक सर्व्हर, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते तो संगणक, आकड्यांच्या पत्त्याने ओळखला जातो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांना नाव जोडतात. तेच डोमेन. ते उजवीकडून वाचायचं. 'डॉट को डॉट इन' मध्ये आधी 'इन' म्हणजे भारत, मग 'को', आणि मग तुमचं नाव. 'डॉट इन'चा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, ही संस्था बघते. २००५ पासून ही नोंदणी सर्वांना खुली आहे. निक्सी स्वतः दुकान मांडून बसत नाही. नोंदणी तिने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, करायची. रजिस्ट्रारांची यादी तिच्या साईटवर आहे, ती आधी बघा.

लोक डोमेन 'विकत घेतलं' म्हणतात. प्रत्यक्षात तो भाडेपट्टा असतो, एका वेळी १ ते १० वर्षांचा. नोंदणीत 'रजिस्ट्रंट' म्हणून ज्याचं नाव, पट्टा त्याचा. पैसे कोणी भरले, साईट कोणी बनवली, हे तिथे कोणी विचारत नाही.

पात्रता सोपी आहे. 'डॉट इन', 'डॉट को डॉट इन', 'डॉट ऑर्ग डॉट इन' ही नावं कोणीही घेऊ शकतं. कंपनी असायला हवी असं नाही, भारतात राहायला हवं असंही नाही. दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळालाही ती मिळतात. 'डॉट गव्ह डॉट इन' फक्त सरकारी कार्यालयांसाठी असतं. 'डॉट एसी डॉट इन' शिक्षणसंस्थांसाठी असतं आणि ते अर्नेट या सरकारी संस्थेकडून मिळतं, संस्थेची मान्यता दाखवल्यावर. खासगी क्लासवाल्यांनी तिकडे वेळ घालवू नये.

कागदपत्रं म्हणाल तर 'डॉट कॉम'ला बहुधा नाव, पत्ता, मेल आणि मोबाईल एवढ्यावर भागतं. 'डॉट इन'ला रजिस्ट्रार ओळख पडताळतात, त्यामुळे आधार किंवा पॅन, आणि फर्मच्या नावावर घ्यायचं असेल तर जीएसटी किंवा नोंदणीचा कागद हाताशी ठेवा. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. 'बाळासाहेब' हे गावात चालतं, इथे पॅनवरचंच नाव लिहा. शिवाय 'डॉट इन'मध्ये तपशील झाकणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही, म्हणून खोटा पत्ता टाकायचा विचारही नको.

आता प्रत्यक्ष अर्ज. रजिस्ट्रारच्या साईटवर नाव शोधा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं, रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही, आणि लांबी जास्तीत जास्त ६३ अक्षरं. नाव फोनवर एकदा सांगून बघा. समोरच्याने स्पेलिंग दोनदा विचारलं तर दुसरं निवडा. नाव मोकळं असेल तर खातं स्वतःच्या मेलवर उघडा, नोंदणीत स्वतःचं नाव टाका, आणि साईट बनवणाऱ्याला फक्त नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंद, बदलण्यापुरता प्रवेश द्या. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून हुरळून जाऊ नका, रिन्यूचा दर आधी वाचा. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. मेलवर पडताळणीची लिंक आली की त्याच दिवशी दाबा. 'डॉट कॉम'सारख्या नावांना १५ दिवसांत ती पूर्ण झाली नाही तर नाव थांबवलं जाऊ शकतं. नेमसर्व्हर टाकल्यावर साईट सगळीकडे दिसायला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. तेवढ्यात घाबरून सेटिंग पुन्हा पुन्हा बदललीत तर घोळ वाढतो.

मराठीतून नाव हवं असेल तर 'डॉट भारत' आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ते देवनागरीत सुरू झालं. ते मराठी, हिंदी, कोकणी अशा भाषांसाठी चालतं. दिसायला सुरेख, पण ब्राउझर आतून त्याचं रोमन अक्षरांच्या सांकेतिक नावात रूपांतर करतो, आणि काही जुनी मेलसेवा देवनागरी पत्ता नाकारते. माझं मत विचाराल तर पाटीवर मराठी नाव लावा, पण मेलसाठी रोमन नावही घेऊन ठेवा.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव मिळतंय म्हणून घेऊ नका. सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं असं ठरवलं. 'डॉट इन'चे वाद निक्सीच्या धोरणानुसार लवादापुढे जातात. तिथे वाईट हेतूने घेतलेलं नाव मूळ धन्याला परत मिळू शकतं.

भावाचं पुढे काय झालं ते सांगतो. मुदत संपली तरी नाव लगेच दुसऱ्याला जात नाही, जादा रक्कम भरून सोडवून घ्यायला थोडा अवधी असतो. पैसे भरायला तो तयार होता, पण ओटीपी त्या मुलाच्या मोबाईलवर जाणार होता. शेवटी शेजारच्या गावात त्याच्या आईला गाठलं. तिने चहा दिला, लेकाला फोन लावला, आणि आम्ही पडवीत बसून सहा आकडे लिहून घेतले. त्याच दुपारी रजिस्ट्रंटचं नाव बदललं आणि मुदत पाच वर्षांनी वाढवली.