अंतर वेगळं, खोली वेगळी

मराठीत ‘खोली’ म्हणजे राहायची जागा आणि ‘खोली’ म्हणजे विहिरीची असते तीही. एरवी या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध येत नाही. इमारती आणि शहरं माणसांना एकत्र कशी आणतात किंवा वेगळी कशी ठेवतात, हे समजून घेताना मात्र दोन्ही अर्थ एकदम लागतात. एखादी खोली किती खोल आहे? म्हणजे बाहेरच्या रस्त्यावरून तिथे पोचायला किती दारं, किती जिने, किती वळणं ओलांडावी लागतात? तो आकडा म्हणजे त्या जागेची खोली. टेपने मोजतो ते अंतर. बोलताना आपण दोन्हींसाठी ‘जवळ’ आणि ‘लांब’ हेच शब्द वापरतो, आणि गल्लत तिथेच होते.

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. १७०१ पासून चौदाव्या लुईचं शयनगृह राजवाड्याच्या ऐन मध्यावर होतं. त्याची बाल्कनी थेट संगमरवरी चौकावर उघडते. चौकात उभ्या माणसासाठी राजा अक्षरशः हाकेच्या अंतरावर. पण आत जायचं तर जिना, मग पहारेकऱ्यांचं दालन, मग पहिलं प्रतीक्षालय, मग आणखी एक मोठं दालन, आणि त्यानंतर शयनगृहाचं दार. कुणाला कुठल्या दारापर्यंत जाता येतं यावर दरबारातला मान ठरायचा. फ्रेंच राज्यक्रांतीत, ऑक्टोबर १७८९ मध्ये, चिडलेला जमाव त्याच चौकात जमला, तेव्हा राजघराण्याला त्या बाल्कनीत येऊन उभं राहावं लागलं. अंतर नेहमीच थोडं होतं. राजाला सांभाळत होती ती मधल्या दारांची खोली.

दारं मोजण्याच्या या रीतीला शास्त्राचं रूप दिलं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी. त्यांचा मूळ ग्रंथ १९८४ चा. ‘स्पेस सिंटॅक्स’ हे या पद्धतीचं नाव, म्हणजे जागेची वाक्यरचना. कृती इतकी सोपी आहे की कागद-पेन्सिल घेऊन आपल्या घराची करून पाहाच. प्रत्येक जागेचा एक ठिपका काढा. दोन जागांमध्ये दार असेल तर ठिपके रेघेने जोडा. नुसती भिंत असेल तर जोडू नका, मग ती भिंत कितीही पातळ असो. रस्त्याचा ठिपका सर्वांत खाली, एक दार ओलांडून येणाऱ्या जागा त्याच्या वरच्या ओळीत, दोन दारांच्या त्याहून वर. क्षेत्रफळ सारखं, खोल्या तितक्याच, तरी एका घराचं चित्र उंच काठीसारखं निघतं आणि दुसऱ्याचं पसरलेल्या झुडपासारखं. मागच्या भिंतीत एक दार पाडलं की काठीचं कडं होतं. आत यायला दोन वाटा होतात आणि बऱ्याच ठिपक्यांच्या ओळी बदलतात. अंतरं मात्र जिथल्या तिथे.

आणखी एक भेद आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंतर दोन ठिकाणांमधलं असतं. खोली अख्ख्या रचनेच्या हिशेबातही काढता येते: बाकी सगळ्या जागांपासून ही जागा सरासरी किती टप्प्यांवर आहे? ज्या जागेचा हा आकडा कमी, तिच्यावरून लोक दुसरीकडे जाताना सहज जातात. तिथे माणूस माणसाला येता-जाता दिसतो. ओळखीची सुरुवात बहुतेकदा अशा नुसत्या दिसण्यातूनच होते.

याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहती उभारल्या. राहणारे बहुतेक युद्धावरून परतलेले, वयाने आणि परिस्थितीने सारखे. समाजमानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मैत्रीचा अभ्यास करून १९५० मध्ये तो प्रसिद्ध केला. वेस्टगेट वेस्ट या भागात १७ दुमजली इमारती होत्या, प्रत्येक मजल्यावर पाच घरं. लगतच्या दारातल्या शेजाऱ्याला जवळचा मित्र म्हणणारे ४१ टक्के निघाले, एक घर सोडून राहणाऱ्याला २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. लगतच्या दारांत सहा मीटरच्या आसपास अंतर, दोन टोकांत २७ मीटरच्या आसपास. इथवर वाचून कुणीही म्हणेल, अंतराचाच विजय!

पण अभ्यास तिथे थांबला नाही. जिन्याच्या आणि टपालपेट्यांच्या जवळ राहणाऱ्या खालच्या कुटुंबांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री होती, कारण वरच्यांची वाट त्यांच्या दारावरून जात होती. शेजारच्या वेस्टगेटमध्ये स्वतंत्र घरं चौकाभोवती मांडलेली होती. त्यातल्या टोकाच्या घरांची तोंडं चौकाऐवजी बाहेरच्या रस्त्याकडे वळवलेली. त्या घरांतल्या लोकांना वसाहतीत मिळालेले मित्र चौकाकडे तोंड असलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. अंतराने ती शेजारच्या घरांइतकीच जवळ होती. फक्त दाराची दिशा बदलली होती, आणि ती घरं वसाहतीच्या रोजच्या वाटेतून बाजूला पडली. एवढ्याशा निर्णयाने एखाद्या कुटुंबाचं एकटेपण ठरावं, याने मी आजही अस्वस्थ होतो. आराखडा काढणाऱ्याला बहुधा फक्त रस्त्याकडची बाजू चांगली दिसावी असं वाटलं असेल.

यावरून रचना मैत्री ‘घडवते’ असं म्हणणं जास्तीचं होईल. ती माणसांना एकमेकांच्या वाटेवर आणते, इतकंच. वेस्टगेटमधले लोक मुळातच एकमेकांसारखे होते, म्हणून पुढचं पाऊल सोपं गेलं.

शहरात दारांऐवजी वळणं मोजावी लागतात. ‘वाट वाकडी करणे’ हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः खरा ठरतो. हिलियर आणि शिनिची इदा यांनी २००५ मध्ये लंडनच्या चार भागांतल्या रस्त्यांवरची पादचाऱ्यांची आणि वाहनांची वर्दळ तपासली. कमीत कमी मीटरांच्या मार्गांपेक्षा कमीत कमी वळणांचे, कमीत कमी कोनात वळणारे मार्ग या वर्दळीशी जास्त जुळले. ट्रफाल्गर चौकाचं तेच झालं होतं. चौक शहराच्या मध्यभागी, पण लंडनकर मधून न जाता कडेकडेने वळसा घालत. २००३ मध्ये पूर्ण झालेल्या बदलात नॅशनल गॅलरीसमोरची वाहतूक बंद झाली आणि उत्तरेच्या भिंतीत मधोमध रुंद पायऱ्या आल्या. चौक जागचा हलला नाही, पण आता लोकांची वाट त्याच्या मधून जाऊ लागली.

अंतराचा जोर कुठे चालतो? कामाच्या जागी, नक्कीच. टॉमस ॲलन यांनी संशोधन संस्थांतल्या अभियंत्यांचं बोलणं मोजलं (ग्रंथ १९७७ चा), तेव्हा पहिल्या साधारण ३० मीटरांतच नियमित संवाद झपाट्याने आटत गेलेला दिसला. म्हणून मीटर सोडून द्या असं कुणीही म्हणू नये. मात्र मजला बदलला की थोड्या मीटरांनीही बोलणं तुटतं, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि तिथे पुन्हा खोली आडवी येते.

खोल जागा वाईट असतात असंही नाही. घरातली निजायची जागा खोल असावी, आजारी माणसाला, लेकराला आडोसा मिळावा, हे योग्यच आहे. घरात सर्वांत आतली जागा घरच्यांची असते आणि पाहुणा दाराजवळ बसतो. तुरुंगात याच्या उलट: बाहेरून आणलेला माणूस सर्वांत आत, आणि ज्यांची ती इमारत आहे ते मार्गिकांत आणि दारांपाशी. चित्रातले ठिपके सारखेच दिसतात. चावी कुणाकडे आहे ते वेगळं पाहावं लागतं.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली, तेव्हा तिथल्या बेर्नाउअर रस्त्यावर हेच घडलं. एका बाजूच्या घरांचा दर्शनी भाग पूर्व बर्लिनच्या हद्दीत होता आणि दारासमोरचा फूटपाथ पश्चिम बर्लिनच्या. १३ ऑगस्टपर्यंत तो एका पावलावर होता. मग पूर्वेकडच्या सत्तेने रस्त्याकडची दारं विटांनी बुजवली. लोक वरच्या खिडक्यांतून उड्या मारू लागले, खाली पश्चिमेकडचे अग्निशमन जवान जाळं धरून उभे असायचे. काहींचा त्यात जीव गेला. त्यानंतर खिडक्याही बुजवल्या गेल्या.