‘व्हेरी’ म्हणजे नेमकं किती?

पावसाळा आला की हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात एक ठरलेलं वाक्य दिसतं: ‘हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल ॲट आयसोलेटेड प्लेसेस’. वाहिन्या त्याचं ‘मुसळधार ते अतिमुसळधार’ करतात, निवेदकाचा आवाज चढतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की खात्यावरचे विनोद फिरू लागतात. विनोद करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मूळ वाक्य नीट वाचलेलं असतं. त्यातले ‘व्हेरी’ आणि ‘आयसोलेटेड’ शोभेसाठी नाहीत, त्यांच्यामागे आकडे आहेत. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, 115.6 ते 204.4 म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि त्याहून जास्त म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. ‘आयसोलेटेड’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर. 51 ते 75 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर शब्द येतो ‘फेअरली वाइडस्प्रेड’. तेव्हा तुमच्या गल्लीत ऊन होतं एवढ्यावरून अंदाज चुकला असं ठरत नाही.

आपल्याकडे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती ‘अतिवृष्टी’. म्हणजे सरकारी मराठीतलं ‘अति’ हे इंग्रजीतल्या साध्या ‘हेवी’च्या दारातच उभं आहे, आणि शेतकऱ्याची नुकसानभरपाई त्या ‘अति’वर अडते.

आता कॅल्क्युलेटर काढा. 115.6 ला 64.5 ने भागलं तर येतात 1.79. 204.5 ला 115.6 ने भागलं तर 1.77. म्हणजे इथे ‘व्हेरी’ लागला की उंबरठा सुमारे 1.8 पट होतो आणि ‘एक्स्ट्रीमली’ लागला की पुन्हा तितकाच पट. खालच्या टोकाला पाहा: ‘लाइट’ पाऊस 2.5 मिलिमीटरपासून सुरू होतो, तर ‘व्हेरी लाइट’ 0.1 ते 2.4. इथे तोच ‘व्हेरी’ आकडा खाली ओढतो. त्याला स्वतःची दिशा नाहीच. विशेषणाचं तोंड जिकडे, तिकडे तो ढकलतो. आणि असं वागणारी क्रिया म्हणजे गुणाकार.

हीच गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. 1959 साली नॉर्मन क्लिफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती मोजून दाखवली. त्याने विद्यार्थ्यांना काही इंग्रजी विशेषणं दिली, आधी सुटी आणि मग ‘स्लाइटली’, ‘क्वाइट’, ‘व्हेरी’, ‘एक्स्ट्रीमली’ अशी क्रियाविशेषणं जोडून, आणि प्रत्येक जोडी किती अनुकूल किंवा प्रतिकूल वाटते याला गुण द्यायला सांगितलं. आकडेमोडीत दिसलं ते असं की प्रत्येक क्रियाविशेषण ठरावीक गुणकासारखं वागतं. ‘स्लाइटली’ साधारण अर्ध्यावर आणतं, ‘व्हेरी’ सव्वापट करतं, ‘एक्स्ट्रीमली’ जवळजवळ दीडपट. ‘क्वाइट’चा गुणक एकाच्या किंचित वर, म्हणजे ते लिहिलं काय आणि न लिहिलं काय.

बेरीज का नाही? समजा ‘गुड’ला अधिक 2 आणि ‘बॅड’ला उणे 2 दिले. ‘व्हेरी’ म्हणजे अर्धा मिळवणं असतं, तर ‘व्हेरी बॅड’ उणे दीड झालं असतं, म्हणजे ‘बॅड’पेक्षा बरं! सव्वाने गुणलं तर दोन्ही शब्द शून्यापासून लांब जातात: एक अडीचवर, दुसरा उणे अडीचवर. ‘ॲव्हरेज’सारखं विशेषण शून्याजवळच असतं आणि शून्याला कशानेही गुणा, हाती काही लागत नाही. ‘व्हेरी ॲव्हरेज’ ऐकलं की हसू येतं ते बहुधा म्हणूनच. पुढे 2011 साली मैते ताबोआदा आणि सहकाऱ्यांनी मजकुरातली भावना ओळखणारी संगणकप्रणाली मांडली, तिच्यातही ‘व्हेरी’ला अधिक 25 टक्के आणि ‘स्लाइटली’ला उणे 50 टक्के असंच वजन आहे.

अर्थात गुणायला आधी काहीतरी हवं. ‘आज रात्री मंगळावरून अत्यंत धोकादायक वैश्विक किरणं येणार, मोबाइल बंद ठेवा’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात ‘अत्यंत’ आहे, पण कशाच्या अत्यंत? कोणतं एकक, कोणती मर्यादा? मूळ संख्याच नाही. ग्रहदशा सांगणाऱ्यांची ‘प्रबळ’ आणि ‘अतिप्रबळ’ पीडाही याच जातीची.

गुणाकाराचा नियम मात्र सगळीकडे चालत नाही, कारण काही विशेषणांच्या मोजपट्टीला टोक असतं. क्रिस्टोफर केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी 2005 साली याची फार देखणी मांडणी केली. ‘टॉल’ची पट्टी वर कुठेच संपत नाही, म्हणून ‘व्हेरी टॉल’ चालतं आणि ‘कम्प्लीटली टॉल’ कानाला खटकतं. ‘फुल’ला दोन्ही टोकं आहेत, म्हणून ‘हाफ फुल’ आणि ‘कम्प्लीटली फुल’ दोन्ही चालतात. मराठी कानही हेच सांगतो: माठ अर्धा भरलेला असतो, माणूस अर्धा उंच नसतो. ‘वेट’ आणि ‘ड्राय’ यांची जोडी तर खास आहे. दोरीवरच्या शर्टात थोडीशी ओल असली तरी तो ‘वेट’. ‘ड्राय’ व्हायला मात्र ओल शून्यावर यावी लागते. म्हणून ‘स्लाइटली वेट’ आणि ‘कम्प्लीटली ड्राय’ हे बरोबर जुळतात, उलट जोड्या अडखळतात. ‘शर्ट ड्राय नाही’ म्हटलं की तो ‘वेट’ ठरलाच. ‘अमका टॉल नाही’ म्हटल्यावर तो ‘शॉर्ट’ ठरत नाही. इंग्रजी लिहिताना कोणतं क्रियाविशेषण घ्यावं असा प्रश्न पडला, तर आधी विशेषणाच्या पट्टीची टोकं शोधावीत.

संभाव्यतेची पट्टीही बंदिस्त, शून्य ते शंभर. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ किमान 90, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ किमान 95 आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ किमान 99. टक्क्यांना गुणत गेलो तर दोन पावलांत शंभरावर डोकं आपटेल. पण टक्क्यांऐवजी घडणं विरुद्ध न घडणं असं गुणोत्तर घ्या: 66 टक्के म्हणजे जवळपास 2 ला 1, 90 म्हणजे 9 ला 1, 95 म्हणजे 19 ला 1, 99 म्हणजे 99 ला 1. हे गुणोत्तर वर अनंतापर्यंत जातं आणि त्यात गुणाकार पुन्हा सुखाने नांदतो. याचं लॉगरिदम घेतलं की शून्य बरोबर 50 टक्क्यांवर येतं आणि ‘अनलाइकली’चा सगळा भाग आरशातल्यासारखा उणे बाजूला पडतो. गंमत म्हणजे 2009 साली डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा वाचकांनी ‘व्हेरी लाइकली’ला 90 पेक्षा बरेच कमी टक्के दिले होते.

हे गुणक कायमचे नाहीत. ‘व्हेरी’ मुळात ‘खरा’ या अर्थाचा होता. वापरून वापरून झिजला. ब्रिटनमधल्या यॉर्क शहरातल्या बोलण्याचा अभ्यास रिका इतो आणि साली टाग्लियामॉन्टे यांनी 2003 साली प्रसिद्ध केला, त्यात वयस्कांच्या तोंडी ‘व्हेरी’ तर तरुणांच्या तोंडी ‘रिअली’ जास्त सापडलं. ‘व्हेरी टाळा, हे भारदस्त शब्द पाठ करा’ असं शिकवणारे क्लासवाले इथे चकतात. भारदस्त शब्दही रोज वापरला की झिजतो.

मात्रा सांगायची आणखी एक रीत आहे, तिला गुणकच लागत नाही. ‘हेवी इनफ टू स्टॉप द ट्रेन्स’ हा पदबंध पावसाची मात्रा परिणामाने मोजतो: गाड्या थांबल्या, म्हणजे रेषा ओलांडली. ‘सो हेवी दॅट’ तसाच. दोन ‘o’वाल्या ‘टू’चंही (too) काम रेषा ओलांडल्याचं सांगणं, फक्त नको असलेल्या बाजूने: ‘टू हेवी टू लिफ्ट’. आपण भारतीय मात्र खूश होऊन ‘द फूड वॉज टू गुड’ लिहितो, आणि व्याकरणाला चिकटून वाचणारा इंग्रज विचारात पडतो की जेवण नक्की कशासाठी प्रमाणाबाहेर चांगलं होतं.