काढलेली गाठ पुढे कुठे जाते?

पुण्यातल्या पेठांमधल्या छोट्या नर्सिंग होममध्ये अजूनही असं घडतं: ऑपरेशन आटोपतं, सिस्टर बाहेर येऊन नातेवाइकाच्या हातात झाकणाची डबी आणि एक फॉर्म ठेवतात, ‘एवढं लॅबला पोचवा’ म्हणतात. तो डबी स्कूटरच्या डिकीत टाकून लक्ष्मी रोडच्या गर्दीत शिरतो. पेशंटच्या पुढच्या उपचारांची दिशा त्या डबीवर ठरणार आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

आतलं पाण्यासारखं द्रव म्हणजे १० टक्के फॉर्मॅलिन. रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइम्सनी) विरघळू लागतात; फॉर्मॅलिन त्यांची प्रथिनं एकमेकांत जखडून ती पडझड थांबवतं. पण ते आत झिरपतं फार सावकाश, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून तुकड्याच्या निदान दहापट द्रव हवं, आणि मोठा अवयव असेल तर त्याला चिरा द्याव्या लागतात. अख्खं गर्भाशय लहान डबीत कोंबलं, तर बाहेरून टणक आणि आतून नासकं निघतं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर घड्याळच लावावं लागतं. गाठ काढल्यापासून तासाभरात ती फॉर्मॅलिनमध्ये पडावी आणि त्यात ६ ते ७२ तास राहावी, असा नियम आहे. उशीर झाला तर हार्मोन रिसेप्टरची तपासणी, म्हणजे गाठ हार्मोनच्या जोरावर वाढते का ते सांगणारी, खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि जी गोळी त्या बाईला वर्षानुवर्षं उपयोगी पडली असती ती तिला लिहूनच दिली जात नाही.

सर्जन गाठीला दोरेही बांधतात. अनेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या, असा संकेत असतो. पॅथॉलॉजिस्ट त्यावरून दिशा ओळखतात आणि कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात. पुढे मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या, तर गाठ पूर्ण निघालेली नाही, आणि नेमकी कुठल्या बाजूला राहिली तेही कळतं. दोरे नसतील तर पुन्हा ऑपरेशन करताना सर्जनने कुठे शोधायचं?

सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं नसतं, ही गोष्ट मात्र अजूनही निसटते. मानेची गाठ टीबीची असावी असा संशय असेल, तर एक तुकडा नुसत्या सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मग कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, उगवणार काय? कुठलं औषध लागू पडेल, हे कळायची वाटच बंद होते. ऑपरेशनआधी डॉक्टरांना ‘कल्चरला पाठवणार का?’ एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

लॅबमध्ये तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढतात. रिपोर्टला दिवस लागतात ते यामुळे. हा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, लॅब जपून ठेवते. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर कागदी रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागतात. हे सगळं आधीच्या लॅबमधून रीतसर सही करून आणता येतं.